वाचकांचे प्रश्न : फौजेतून खाणीवर, खाणीवरून घरी

मागच्या अंकात वाचकांना विचारले होते: घरातला कर्ता माणूस उमेदीची वर्षे सैन्यात आणि पुढची पंचवीस-तीस कंपनीत काढून गेला, की त्याच्यावर स्मरणिकेसाठी लिहायला बसताना नेमके काय अडते? गोव्यात अशी घरे बरीच आहेत. एका भिंतीवर पदके, दुसऱ्या भिंतीवर खनिज भरणाऱ्या जहाजाचा फोटो. आलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत. नावे कुणाचीच छापलेली नाहीत. ज्यांनी सोबत मसुदे पाठवले त्यांच्यासाठी एक गोष्ट आधीच सांगतो. ‘कर्तव्यदक्ष’, ‘शिस्तप्रिय’ आणि ‘मनमिळाऊ’ हे तीन शब्द खोडून मजकूर पुन्हा वाचा. जेवढा उरेल तेवढाच लेख तयार झाला आहे असे समजा.

बाबा सैन्यात मेजर होते, नंतर कंपनीत जनरल मॅनेजर. पत्रिकेवर ‘निवृत्त मेजर’ छापायचे की ‘माजी जनरल मॅनेजर’? — मुलगी, फोंडा

‘मेजर’, मग नाव, मग कंसात ‘निवृत्त’. लष्कराचा संकेत असा की दर्जा निवृत्त होत नाही, माणूस होतो. म्हणून ‘निवृत्त’ हा शब्द दर्जाला चिकटवायचा नाही, नावानंतर घालायचा. कंपनीतला हुद्दा नावाआधी लावायची पद्धत नाही. तो पुढच्या वाक्यात येऊ द्या: कुठल्या कंपनीत, कुठल्या खात्यात, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत.

दोन-तीन ठिकाणी हमखास चुकते. सुभेदार मेजर म्हणून निवृत्त होताना मानद दर्जा मिळाला असेल, तर ‘ऑनररी कॅप्टन’ असे पूर्ण लिहा. ‘ऑनररी’ गाळल्याने मोठेपणा वाढत नाही, उलट त्यांच्या पलटणीतला माणूस पहिल्याच ओळीत भुवया उंचावतो. शौर्यपदके आणि विशिष्ट सेवा पदके यांची आद्याक्षरे नावापुढे लावता येतात. पद्म पुरस्कार मात्र नावाच्या आधी किंवा नंतर किताबासारखा लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या डिसेंबरमध्ये हे स्पष्ट केले आहे. तो मजकुरात सालासह सांगावा.

आणि वास्को-मुरगाव भागातल्या वाचकांसाठी: तिथे ‘कॅप्टन’ म्हटले की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे व्यापारी जहाज येते. म्हणून पहिल्याच वाक्यात ‘भारतीय सैन्य’ किंवा ‘भारतीय नौदल’ असे लिहा.

बाबा फक्त पाच वर्षे सैन्यात होते. नातेवाईक म्हणतात, ‘मध्येच सोडून आले’ असे दिसेल, तेव्हा वर्षे लिहू नका. — मुलगा, कुडचडे

लिहा. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्याला अधिकारी तातडीने हवे होते, म्हणून मोठ्या संख्येने ‘इमर्जन्सी कमिशन’, म्हणजे अधिकारी म्हणून तातडीची नेमणूक, देण्यात आले. गरज सरल्यावर १९६६ पासून त्यांतल्या अनेकांना टप्प्याटप्प्याने मुक्त केले गेले आणि ते सरकारी खात्यांत, कंपन्यांत गेले. म्हणजे तिशीच्या आत लढाई पाहिलेला, माणसे आणि वाहने हलवायची सवय असलेला अधिकारी नोकरीच्या शोधात, आणि त्याच काळात गोव्यात खाणी, बंदर, कारखाने उभे राहत होते. ती पाच वर्षे लपवली तर पुढची तीस कशी सुरू झाली याचा धागाच तुटतो.

जुन्या कागदावरचा वैयक्तिक क्रमांक पाहा. अधिकाऱ्याच्या आकड्याआधी ‘आयसी’ असेल तर कायम कमिशन, ‘एसएस’ असेल तर शॉर्ट सर्व्हिस, ‘ईसी’ असेल तर इमर्जन्सी कमिशन. ‘जेसी’ असेल तर ते ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे नायब सुभेदार, सुभेदार किंवा सुभेदार मेजर. एवढ्या दोन अक्षरांवरून घरातल्या निम्म्या दंतकथा निकालात निघतात.

कपाटात पाच पदके सापडली. सोबत कागद एकही नाही. आम्ही ‘युद्धातील शौर्याबद्दल पाच पदके’ असे लिहिले आहे. — नातू, पेडणे

थांबा. पाचांतली बहुतेक पदके मोहिमेची, सेवेची किंवा दीर्घसेवेची असण्याची शक्यता फार मोठी. ती मानाचीच आहेत, पण शौर्यपदक वेगळे असते. शौर्यपदक असेल तर त्याची राजपत्रात नोंद असते आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर नाव शोधता येते. तिथे नाही, तर ‘शौर्य’ शब्द काढा.

आता पदक हातात घ्या. पुढची-मागची बाजू नंतर, आधी कड पाहा. नाण्याच्या कडेसारख्या त्या पट्टीवर क्रमांक, दर्जा, नाव आणि बहुधा पलटण किंवा दल बारीक अक्षरांत कोरलेले असते. तिरक्या उजेडात, साध्या भिंगाने वाचता येते. मोबाइलने फोटो काढायचा तर फ्लॅश बंद करून बॅटरीचा उजेड बाजूने टाका. नाव भलतेच निघाले तर घाबरू नका. मित्राचे पदक अदलाबदल होऊन आलेले असू शकते, किंवा हरवलेल्याच्या जागी बाजारातून नवे घेतलेले. बाजारातल्या पदकाची कड बहुतेक वेळा कोरी असते.

काही पदके काय सांगतात ते असे. १९६५ ची दोन असतात: ‘रक्षा मेडल’ सांगते की माणूस त्या वेळी सेवेत होता, ‘समर सेवा स्टार’ सांगतो की तो लढाईच्या क्षेत्रात होता. १९७१ चे ‘संग्राम मेडल’ खूप जणांना मिळाले. ‘पूर्वी स्टार’ आणि ‘पश्चिमी स्टार’ मात्र त्या त्या आघाडीचे. ‘विदेश सेवा मेडल’वरच्या पट्टीत देशाचे नाव असते.

गोव्यातल्या घरांत सगळ्यात जास्त घोळ होतो तो ‘ऑपरेशन विजय’चा. हे नाव दोनदा वापरले गेले, डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यासाठी आणि १९९९ मध्ये कारगिलसाठी. ‘ऑप विजय’ असे लिहिलेले तारा किंवा गोल पदक हे कारगिलचे. १९६१ च्या कारवाईसाठी तसे वेगळे पदक निघाले नाही. १९४७ च्या ‘जनरल सर्व्हिस मेडल’वर ‘गोवा १९६१’ अशी आडवी पट्टी बसवून दिली गेली. आणि ‘गोवा १९६१’ म्हणजे माणूस पणजीत किंवा म्हापशातच उतरला असेही नाही. त्या कारवाईत दमण आणि दीवही होते; पहिली मराठा पलटण दमणला लढली. पट्टी सापडली तर ‘गोवा मुक्तीच्या लष्करी कारवाईत सहभाग’ एवढे निःशंक लिहा. पणजीत तिरंगा त्यांनीच फडकवला हे लिहायला वेगळा पुरावा लागेल. (ही कथा दर दुसऱ्या वाड्यावर ऐकू येते.)

त्याच ओघात: ‘माजी सैनिक’ आणि ‘स्वातंत्र्यसैनिक’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि गोव्यात तो फरक लोक बारकाईने पाहतात. सत्याग्रहात तुरुंगात गेलेला तो स्वातंत्र्यसैनिक. सैन्यदलात नोकरी केलेला तो माजी सैनिक. दोन्ही असेल तर दोन्ही लिहा, एकाच्या जागी दुसरे नको.

पदके ब्रासोने घासू नका. कडेवरची कोरीव अक्षरे दर घासणीला झिजतात, आणि पांढरी पूड रिबिनीत शिरून बसते ती निघत नाही. मऊ कोरडे सुती कापड पुरे.

सेवेचा अधिकृत तपशील कुठून मिळवायचा? — सून, म्हापसा

आधी घरातच पाहा. ‘डिस्चार्ज बुक’ हा सगळ्यात मोलाचा कागद: भरती आणि मुक्त होण्याची तारीख, दर्जा, कोर्स, पदके, वर्तणुकीचा शेरा, सगळे त्यात. त्यानंतर पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. मग माजी सैनिकाचे ओळखपत्र.

घरात नसेल तर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला, सिग्नल्सचे जबलपूरला, ईएमईचे (वाहने-यंत्रे सांभाळणाऱ्या इंजिनिअरांचे) सिकंदराबादला, महार रेजिमेंटचे सागरला. नौसैनिकांचे रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला, हवाई दलातल्या जवानांचे दिल्लीत सुब्रतो पार्कला. लष्करी अधिकाऱ्यांचे कागद रेकॉर्ड ऑफिसकडे नसतात, त्यासाठी दिल्लीच्या मुख्यालयाकडे लिहावे लागते. इथेच बऱ्याच जणांचे दोन-तीन महिने फुकट जातात.

अर्जात क्रमांक, दर्जा, पूर्ण नाव, पलटण, जन्मतारीख आणि भरतीचे साधारण साल. सोबत मृत्यू दाखला, तुमचे नाते दाखवणारा कागद आणि तुमचे ओळखपत्र, सगळ्याच्या साक्षांकित प्रती. मूळ डिस्चार्ज बुक कधीही पोस्टाने पाठवू नका. मागायचे ते नेमके मागा: ‘सेवेचा संक्षिप्त तपशील आणि मिळालेल्या पदकांची यादी’. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असा अर्ज टेबलावर पडून राहतो. पत्ता किंवा नमुना अडला तर पणजीतला सैनिक कल्याण विभाग मदत करतो.

उशीर मात्र करू नका. पेन्शन न घेता बाहेर पडलेल्या जवानांचे सेवापत्रक २५ वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे. ‘कागद उपलब्ध नाहीत’ असे उत्तर आले तर तो आकस नसतो.

बाबा १९६८ ते १९९६ खाण कंपनीत होते. लेखातले वाक्य असे आहे: ‘जुलै १९७४ च्या धुवाधार पावसात त्यांनी साखळीच्या बाजूच्या बार्जी आग्वाद ओलांडून मुरगावला पोचवल्या आणि पन्नास हजार टनांचे जहाज वेळेत भरून दिले.’ सगळे सहकाऱ्यांच्या सांगण्यावरून. तपासायचे कसे? — मुलगा, डिचोली

या एका वाक्यात तपासण्यासारखे बरेच आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

पहिले, वाट. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात आणि ती वाट बार्जींना, म्हणजे नदीतून खनिज नेणाऱ्या सपाट तळाच्या बोटींना, बंद होते. त्या दिवसांत मांडवीतली बार्ज कुंभारजुवे कालव्यातून झुआरीत उतरते आणि तिथून मुरगाव गाठते. म्हणजे एकतर महिना चुकला आहे, नाहीतर वाट. खनिजाचा हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होऊन मेअखेर संपायचा. परतीच्या पावसातली ऑक्टोबरची घटना सांगताना ‘जुलै’ होणे सहज शक्य आहे. सहकाऱ्यांना ‘महिना कुठला?’ असे विचारू नका. ‘बार्ज कालव्यातून आली की आग्वादवरून?’ असे विचारा. माणूस तारीख विसरतो, वाट विसरत नाही.

दुसरे, टन. जुन्या करारांत लाँग टन असायचा, म्हणजे १,०१६ किलो. आजचा टन १,००० किलोचा. शिवाय खनिज ओले असते. बार्जीत भरते ते ओले वजन, पैसे मिळतात ते कोरड्या वजनाचे. ओलावा ८ टक्के धरला तर ५०,००० टन ओल्या मालाचे कोरडे वजन ४६,००० टन. सहकारी सांगतो तो आकडा बहुधा ओला, कंपनीच्या अहवालातला बहुधा कोरडा. दोन आकडे जुळले नाहीत म्हणजे कुणी खोटे बोलले असे नाही. लेखात एकच आकडा घ्या आणि तो कशाचा ते लिहा.

तिसरे, वर्ष. पूर्वी कंपन्यांचे हिशेबाचे वर्ष आपापले असायचे, कुणाचे डिसेंबरअखेर, कुणाचे जूनअखेर. आयकरासाठी सगळ्यांचे वर्ष मार्चअखेर झाले ते १९८९ पासून. त्यामुळे ‘१९७८ साली विक्रमी निर्यात’ म्हणजे नेमके कोणते बारा महिने, ते अहवालाच्या मुखपृष्ठावर पाहा.

आता सहकाऱ्यांच्या आठवणींना साल कसे लावायचे. गोव्यातल्या माणसाच्या आठवणीत खुणा असतात, त्या पकडायच्या. ‘पूल पडला त्या वर्षी’ म्हणजे मांडवीवरचा जुना पूल, ५ जुलै १९८६. ‘पूल नव्हता, कुठ्ठाळीला फेरीसाठी रांग लावायचो’ म्हणजे झुआरी पुलाच्या, १९८३ च्या, आधीची गोष्ट. मात्र ‘पणजी-बेती फेरी’ म्हटले तर जपून: ती मांडवीवर पूल होण्याआधीचीही असेल आणि १९८६ नंतरच्या हालाच्या वर्षांतलीही. ‘भाऊ गेले तेव्हा’ म्हणजे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर, १२ ऑगस्ट १९७३. ‘ओपिनियन पोल’, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही याचा कौल, १६ जानेवारी १९६७. ‘चोगम’, म्हणजे राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची परिषद, नोव्हेंबर १९८३. ‘घटक राज्य झाले’ ३० मे १९८७. ‘कोकण रेल्वेने आलो’ म्हणजे बहुधा जानेवारी १९९८ नंतर. मुलाखतीला जाताना या तारखा एका कागदावर लिहून न्या आणि प्रत्येक आठवणीला ‘याच्या आधी की नंतर?’ एवढेच विचारा. तासाभरात पंधरा-वीस घटना रांगेत लागतात. तारीख विचारत बसलात तर पहिल्या दहा मिनिटांत माणूस थकतो, आणि मग तुम्हाला बरे वाटावे म्हणून काहीतरी सांगून टाकतो.

रांग लागली की वर्तमानपत्रे. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुने अंक पाहता येतात. ‘गोमन्तक’ २४ मार्च १९६२ ला सुरू झाला, ‘नवहिंद टाइम्स’ १९६३ मध्ये, ‘राष्ट्रमत’ही त्याच वर्षी, ‘नवप्रभा’ १९७० मध्ये. १९८३ पूर्वीचा ‘हेराल्ड’ पोर्तुगीजमध्ये आहे, हे लक्षात ठेवून जा. सगळा महिना चाळू नका. जहाजाची बातमी असेल तर बंदराच्या बातम्यांचे पान पाहा, बढती किंवा सत्कार असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा अंक.

हुद्द्यांसाठी कंपनीचे वार्षिक अहवाल. बाबा संचालक मंडळावर होते का, हे कंपनी निबंधकाकडच्या कागदांतून कळते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एका कंपनीचे कागद पाहायला १०० रुपये शुल्क आहे. पण तिथे २००६ च्या आधीचे फारसे सापडत नाही. ‘डायरेक्टर’ हा शब्द जपून वापरा. ‘डायरेक्टर, वर्क्स’ असा हुद्दा असलेला माणूस मंडळावर असेलच असे नाही. १९६१ पूर्वीच्या पत्रावर ‘जेरेंत’ दिसले तर तो व्यवस्थापक, ‘सोसियु’ म्हणजे भागीदार आणि ‘प्रोकुरादोर’ म्हणजे मुखत्यार. त्या काळातला पगार एस्कुदोत असेल तर तो रुपये म्हणून छापू नका. १९५९ मध्ये गोव्यातला पोर्तुगीज रुपिया जाऊन एस्कुदो आला तो सहा एस्कुदोंना एक रुपिया या हिशेबाने. ६०० एस्कुदो पगाराचे ‘₹६००’ केलेत तर बाबांची सहापट पगारवाढ तुम्हीच करून टाकाल.

जन्मतारीख तीन कागदांवर तीन आहे. कुठली छापू? — पुतणी, मडगाव

पोर्तुगीज काळातला जन्म असेल तर सिव्हिल रजिस्ट्रारकडून तेओर, म्हणजे जन्मनोंदीची शब्दशः पूर्ण नक्कल, काढा. नागरी जन्मनोंदणी इथे १९१४ पासून आहे. वाचताना दोन खड्डे आहेत. नोंद सुरू होते ती नोंदणीच्या दिवसापासून. जन्माचा दिवस आत, तिसऱ्या-चौथ्या ओळीत असतो. मूल सहा महिन्यांचे झाल्यावर नोंद केली असेल तर घाईत वाचणारा सरळ सहा महिने चुकतो. दुसरा खड्डा, आकडे अक्षरांत असतात आणि एकमेकांसारखे दिसतात: ‘देझासैश’ म्हणजे सोळा, ‘देझासेत’ म्हणजे सतरा, ‘सेसेंता’ साठ, ‘सेतेंता’ सत्तर. शाई पसरली असेल तर शेवटची अक्षरे भिंगाने पाहा.

नाव सापडत नसेल तर ते पोर्तुगीज वळणाने शोधा. त्या लिपीत ‘श’साठी एक्स, ‘क’साठी सी किंवा क्यू. ‘केशव’ क्यूखाली सापडतो, ‘शंकर’ एक्सखाली. शेणवी ‘सिनाय’ होतो, कामत ‘कामोतीं’, प्रभू ‘पोरोबो’. केखाली शोधून ‘नोंद नाही’ म्हणत परतणारे पुष्कळ.

तरीही फरक राहिला तर लेखात तेओरची तारीख घ्या. सैन्यात भरतीच्या वेळी लिहिली गेलेली तारीख पुढे सहसा बदलत नाही, म्हणून पेन्शनच्या कागदांवर ती वेगळी राहिलेली असते. लेखासाठी पेन्शनचे कागद दुरुस्त करायच्या फंदात पडू नका.

सहकारी कोकणीत बोलले, स्मरणिका मराठीत आहे. भाषांतर करू का? — मुलगी, साखळी

लांब आठवण मराठीत आणा, एखादे वाक्य जसेच्या तसे ठेवा. ‘सायबान केन्नाच आवाज चडोवंक ना’ हे गोव्यातल्या मराठी वाचकाला कळते, आणि त्याचे ‘साहेबांनी कधीही आवाज चढवला नाही’ केले की बोलणारा माणूस पुसला जातो. खाली कंसात अर्थही देऊ नका. फक्त ते वाक्य कोकणी जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. मुद्रितशोधक ‘चूक’ समजून त्याचे मराठी करून टाकतो, हे पुन्हा पुन्हा होते.

अंत्ययात्रेत तिरंगा पांघरायचा राहिला, पुण्यतिथीला फोटोवर पांघरला तर? — पुतण्या, काणकोण

नको. ध्वजसंहितेनुसार तिरंगा आच्छादन म्हणून वापरता येतो तो फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यसंस्कारात. घरच्यांनी आपण होऊन नाही. इतमामातही केशरी पट्टा डोक्याकडे असतो आणि ध्वज चितेवर किंवा दफनात जात नाही. फोटोशेजारी पलटणीचे चिन्ह ठेवा.

स्मरणिका किती पानांची, किती प्रती, कुठे चुकते? — सून, डिचोली

ए-५ आकाराची १६ पाने बहुतेकांना पुरतात. ए-४ चे चार कागद दोन्ही बाजूंनी छापून मध्ये दुमडले की १६ पाने, म्हणून पानांचा आकडा चारच्या पटीत ठेवा. १८ केलीत तर दोन कोरी राहतील. १२ पॉइंटात एका पानावर साधारण २२० शब्द बसतात. आतला कागद १०० जीएसएमचा घ्या. ७० च्या कागदावर मागचा फोटो पुढे दिसतो. प्रती दोन-तीनशेच्या आत असतील तर साधारणपणे डिजिटल छपाई परवडते. वर्षश्राद्धासाठी हवी असेल तर चार महिने आधी सुरुवात करा, त्यातले दोन महिने उत्तरांची वाट पाहण्यातच जातात.

खरी चूक छापखान्यात होते. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करता, डीटीपीवाला जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो, आणि बदलताना ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’, ‘ॲ’ आणि रफार मोडतात. ‘किनाऱ्यावर’चे ‘किनायावर’ होते, ‘वऱ्हाड’ ओळखू येत नाही, ‘मॅनेजर’ही कधी कधी बिघडतो. तुम्ही पाठवलेला मजकूर शुद्ध होता यावर विसंबू नका. बदल झाल्यानंतरचे पान कागदावर मागवा, आणि नावे, साले, आकडे एकाने मोठ्याने वाचून दुसऱ्याने पडताळा.

फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो बारीक होतो; ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पासपोर्ट आकाराचा जुना फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, तिकिटाएवढा असेल तर १,२०० वर. १,२०० वर स्कॅन केलेला अडीच सेंटिमीटर उंचीचा फोटो छापताना दहा सेंटिमीटरपर्यंत स्वच्छ येतो.

गणवेशातला एकुलता फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. पदकेही फ्रेम करून लावायची आहेत. — मुलगा, वाळपई

फोटो ओढून काढू नका, वरचा थर काचेवर राहील. काचेसकटच स्कॅन करा. नाहीतर खिडकीजवळ सपाट ठेवून, काचेत प्रतिबिंब येणार नाही असे पाहून वरून फोटो घ्या. मूळ तसेच राहू द्या. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो मात्र दात साफ करायचा धागा (डेंटल फ्लॉस) खालून करवतीसारखा पुढे-मागे नेत सोडवता येतात, पावसाळा सरल्यावर, कोरड्या हवेत.

डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका. प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही, आणि आतला ओलावा आतच राहून काळे ठिपके पडतात. सपाट डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर, पुन्हा निळे होईपर्यंत तापवायचे. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पाहा. डांबराच्या गोळ्या कागदाला किंवा रिबिनीला टेकू देऊ नका.

पदकांची फ्रेम पश्चिमेच्या भिंतीवर नको. चिऱ्याची भिंत जुलैत पाणी पिते आणि ते फ्रेमच्या पाठीतून आत येते. आतल्या भिंतीवर, थेट उन्हाबाहेर लावा, कारण रिबिनीचे रंग उन्हाने आधी जातात. फ्रेमच्या चारही कोपऱ्यांना मागून सेंटिमीटरभर जाडीचे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळेल. पदके गोंदाने चिकटवू नका. रिबिनीला मागून दोन टाके घालून पुठ्ठ्यावर शिवा. आणि काच लावण्याआधी प्रत्येक कडेवरच्या कोरीव नावाचा फोटो काढून ठेवा. फ्रेम बंद झाली की ते दिसत नाही.